दहावी गाडी

सराव संपत आला होता. चौथ्या वळणावर एका गाडीच्या पोटातून काहीतरी बाहेर पडलं, ट्रॅकवर दोनदा उसळलं आणि आतल्या गवतात जाऊन पडलं. मागोमाग गाडी पांढऱ्या धुरात दिसेनाशी झाली. ते काय होतं हे पिटमध्ये, गाड्या उभ्या असतात त्या आवारात, कोणालाच विचारावं लागलं नाही. इंजिनाने आपल्या पिस्टनचा दांडा स्वतःच बाहेर फेकला होता. डीन मॅश्टालिरचा हंगाम तिथेच संपला.

केंड्रा टेसरने राजमा-खिम्याच्या चिलीचा वाडगा ट्रेलरच्या पायरीवर ठेवला आणि समोरच्या रांगेतल्या गाड्या मोजल्या. डीनला धरून दहा होत्या. आता नऊ उरल्या.

"बोल ना," तिचा नवरा गॅरेट गाडीखालून म्हणाला. "आकडा काय?"

"नऊ."

गॅरेट बाहेर आला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही. केंड्रा, नाही. आज नाही."

ती अजून आकड्यापलीकडे काहीच बोलली नव्हती.

कोलार क्रॉसिंगच्या मातीच्या ट्रॅकवर स्प्रिंट गाड्यांचे तीन वर्ग धावतात. तीनशे साठ आणि तीनशे पाच ही इंजिनांची मापं, आणि हीच त्या वर्गांची नावं. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर वेगळेपण सांगता येत नाही. डोक्यावर दरवाजापेक्षा मोठा तोच पंख, तीच उघडी चाकं, नळ्यांचा तोच पिंजरा. तिसरा वर्ग बिनपंखी गाड्यांचा. तो निदान ओळखू येतो. बाकी फरक आवाजावरून कळतो, तोही बिअरच्या दुसऱ्या डब्यापर्यंत. "ही शर्यत तर आत्ताच बघितली" असं म्हणत लोक मुलांना घेऊन लवकर घरी जायला लागले, तेव्हा ट्रॅकचा मालक रॉली पोस्पिसिल याने एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळ्या चालकांना बोलावलं.

रॉली सदुसष्ट वर्षांचा. मनोऱ्यावर बसून शर्यत तोच चालवतो आणि नियमात केसाएवढी ढील देत नाही. त्याने मांडलेला नियम साधा होता. हंगामाच्या शेवटच्या रविवारी ज्या वर्गाच्या दहा गाड्या मुख्य शर्यतीत निदान एक फेरी पुरी करणार नाहीत, तो वर्ग पुढच्या वर्षी बंद. मान्य असेल त्यांनी हात वर करा.

झाडून सगळे हात वर गेले. प्रत्येकाला वाटलं, नियम दुसऱ्यासाठी आहे. तेव्हा बिनपंखी गाड्या सहाच होत्या आणि तीनशे साठच्या सोळा. केंड्राने हात वर केला. तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या मोठ्या भावाने, ड्वेनने, तिच्याही आधी केला.

मग उन्हाळ्यात शेजारच्या काउंटीतला ट्रॅक बंद पडला आणि तिथल्या सगळ्या बिनपंखी गाड्या इकडे आल्या. तीनशे साठमधले काही मोठ्या इंजिनांच्या मागे लागून दूर गेले, तर काही थकून छोट्या इंजिनांवर उतरले. हंगामाच्या त्या शेवटच्या रविवारी तीनशे साठच्या, डीनला धरून, दहाच गाड्या उरल्या होत्या. ड्वेन राहिला. बावीस वर्षं तो तीनशे साठच चालवत होता. दुसरा तसा ट्रॅक तीन तासांवर, आणि त्याच्या गाई सकाळ-संध्याकाळ दुधाला थांबायच्या नाहीत. छोट्या इंजिनावर ये, असं केंड्राने त्याला एकदा सुचवून पाहिलं होतं.

"त्या शिलाई मशीनवर?" तो म्हणाला होता. "पडदे शिवायचे असले तर सांगेन."

केंड्राचं स्वतःचं शिलाई मशीन त्या रविवारी तीनशे पाचच्या गुणतक्त्यात पहिलं होतं. ती काउंटीच्या शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करायची, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच अजिंक्यपदाच्या इतकी जवळ आली होती. हिशेब सरळ होता. मागे असलेला ट्रेंट बोहाटी आज जिंकला तरी तिला पहिल्या सहात येणं पुरेसं होतं. तिच्याकडे इंजिन मात्र एकच होतं.

छोटं इंजिन मोठ्या वर्गात धावू शकतं, असं नियमात लिहिलंय. मोठा वर्ग एखाद्या गाडीने कमी पडला तर छोट्यातलं कोणीतरी शेवटच्या रांगेत उभं राहायचं, एक फेरी मारून बाहेर यायचं, हेही आमच्याकडे नवीन नाही. फक्त एरवी त्यावर काही अवलंबून नसतं.

ती आधी दुसऱ्यांकडे गेली. अजिंक्यपदाशी संबंध नसलेले तीनशे पाचवाले बारा जण होते.

पहिला म्हणाला, इंजिन मेहुण्याचं आहे, विचारावं लागेल, आणि मेहुणा कोलोरॅडोत हरणाच्या शिकारीला गेलाय. दुसरा म्हणाला, टायर नवे आहेत. तिसऱ्याने कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.

"केंड्रा, तीनशे साठ बंद झाली तर आपल्याला काय मिळेल माहीत आहे? वीसऐवजी तीस फेऱ्या. ओला ताजा ट्रॅक. लोक थांबतील. मी माझ्याच पायावर का कुऱ्हाड मारू?"

"तुझा पाय नाही तो. ड्वेनचा आहे."

"मग ड्वेनने येऊन विचारावं."

ड्वेन कोणालाही विचारणार नव्हता. तो आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसून आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळत होता. केंड्रा शेजारी जाऊन उभी राहिली.

"किती झाल्या?" त्याने वर न बघता विचारलं, जणू त्याने मोजल्याच नव्हत्या.

"नऊ."

"हं."

"मी मागे उभी राहते. एक फेरी."

त्याने पाना खाली ठेवला. "तुझी शर्यत आहे नंतर."

"माहीत आहे मला."

"तुझं डोकं ठिकाणावर नाही," तो म्हणाला, आणि पाना परत उचलला. यापेक्षा जास्त आभार त्याने आयुष्यात कोणाचे मानले नव्हते.

गॅरेटने एकदाच विचारलं, "एक फेरी म्हणजे एकच?" तिने मान हलवली. मग त्याने रेडिएटरच्या जाळीवरची वाळलेली माती ब्रशने काढायला घेतली. त्या दिवशी ऊन कडक होतं आणि वारा कोरडा. शर्यत दुपारची असल्यामुळे सकाळी मारलेलं पाणी केव्हाच उडून गेलं होतं. ट्रॅक चकचकीत झाला होता, आणि गाड्या पिठासारखी धूळ उडवत होत्या.

ट्रेंट बोहाटी जाताजाता थांबला. सव्वीस वर्षांचा, नुकता बाप झालेला, वाईट नसलेला मुलगा. "ऐकलं ते खरं का? बाईसाहेब पुण्य कमवायला निघाल्या?"

"तू ये माझ्याऐवजी. तुलाही मिळेल थोडं."

"मला नको बुवा," ट्रेंट म्हणाला. "मला कप हवाय."

केंड्रा मनोऱ्याखाली गेली. रॉली जिन्यावर उभा होता, डोक्यावर रंग उडालेली टोपी.

"रॉली, तीनशे साठमध्ये माझी गाडी लिहा. शेवटची."

त्याने टोपी मागे सरकवली. "नियम ठाऊक आहे ना? हिरव्या झेंड्यापासून पुन्हा झेंड्यापर्यंत. पुरी फेरी. अर्धी मोजणार नाही मी."

"तुम्ही पाऊण पण मोजणार नाही. माहीत आहे."

"मी तुला सांगितलेलं नाही हे करायला."

"नाही सांगितलं."

"ठीक आहे," तो म्हणाला आणि वर चढला.

या गाड्यांना स्टार्टर नसतो. मागून पिकअप ट्रक येतो, नाकाने ढकलतो, आणि चाकं फिरली की इंजिन पेटतं. आम्ही त्या ट्रकला ढकलगाडीच म्हणतो. एकदा पेटलेलं इंजिन थांबलं की पुन्हा ढकलगाडी. आणि रेडिएटरला पंखाही नसतो. गाडी पळत असेल तोवर वाराच पाणी थंड ठेवतो. पिवळा झेंडा पडून सगळे हळू रांगायला लागले की तापमानाचा काटा चढतो.

केंड्राच्या कानात रॉलीचा आवाज आला. सगळ्या चालकांच्या हेल्मेटमध्ये छोटं यंत्र असतं. मनोऱ्यावरून बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं. उलट कोणालाही बोलता येत नाही.

"तीनशे साठ. दहा गाड्या. पाच जोड्या. पुढच्यांनो, घाई नको."

हिरवा झेंडा. पुढच्या आठ गाड्या तिच्यापासून एका क्षणात दूर गेल्या. फरक आवाजात होता तसाच तो पाठीतही जाणवत होता. पहिल्या वळणावर तिसऱ्या जोडीतली एक गाडी आडवी झाली, मागची तिच्यावर आदळली, आणि धुळीत केंड्राला फक्त एक पिवळा पंख वर जाऊन खाली आलेला दिसला. पिवळा पंख ड्वेनचा होता.

"पिवळा, पिवळा. पहिलं वळण. फेरी नाही झाली. पुन्हा सुरुवात."

ती रांगत पुढे गेली. ड्वेनची गाडी उभी होती. पुढचा छोटा पंख लोंबत होता, आणि डावं पुढचं चाक जिकडे बघायला हवं होतं तिकडे बघत नव्हतं. ढकलगाडीवाला खाली वाकून काहीतरी विचारत होता. ड्वेनने हेल्मेट हलवलं. होकार की नकार, ते तिला कळलं नाही. काटा दोनशे फॅरनहाइटवर होता.

दुसरी फेरी रांगण्यात गेली. दोनशे पंधरा. तिने गाडी वाऱ्याच्या तोंडाला धरायचा प्रयत्न केला, पण वाराच नव्हता. ड्वेन निघाला नाही तर पुन्हा नऊ. मग ती इथे कशासाठी इंजिन उकळत होती?

मागून ढकलगाडी आली, आणि तिच्यापुढे ड्वेन. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. तो तिच्या शेजारी शेवटच्या रांगेत आला आणि एक हात वर केला.

हिरवा. या वेळी दुसऱ्या वळणापर्यंत पोचले आणि पुढचा एक जण नुसताच गरगरला. कोणी आदळलं नाही, पण फेरीही नाही झाली.

"पिवळा. पुन्हा सुरुवात."

रॉलीच्या आवाजात कुठलाच भाव नव्हता. दोनशे तीस. उजव्या बाजूने गोडसर वासाची वाफ येऊ लागली. पाणी उकळून जादा पाण्याच्या नळीतून बाहेर पडत होतं. इंजिन बंद करावं तर ती ट्रॅकवरच उभी राहील, ढकलगाडीला शोधत यावं लागेल, आणि तेवढ्यात हिरवा पडला तर तिची फेरी गेली. तिने दात आवळले आणि पाय हलका ठेवला.

तिसऱ्यांदा हिरवा. पुढच्या आठ गाड्या पहिल्या वळणातून सुखरूप निघाल्या. मग दुसऱ्या. केंड्रा आणि ड्वेन मागे, एकजण तिरका, दुसरी वाफाळलेली, लग्नाच्या वरातीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखे शेजारी शेजारी. तिसऱ्या वळणावर तो बाहेर सरकला आणि तिने आतली कड धरली. चौथ्या वळणाच्या अगदी खाली, गवताला लागून, अजून हातभर ओली माती शिल्लक होती. तिथे तिची चाकं क्षणभर घट्ट रुतली. तिने ते लक्षात ठेवलं.

दोघं झेंड्याखालून गेले.

"दहा," कानात आवाज आला. "दहा झाल्या."

दोघंही पुढच्याच वळणावर बाहेर पडले.

पिटमध्ये गॅरेटने रेडिएटरवर ओला पोत्याचा तुकडा टाकला. वाफ शिट्टीसारखा आवाज करत उठली. टोपण उघडायची सोय नव्हती. आत काय उरलंय ते बघायचं तर पाणी निवायला हवं, आणि घाईने उघडलं तर जे आहे तेही तोंडावर येणार.

"मध्ये बिनपंखी आहेत," केंड्रा म्हणाली. "त्यांतल्या चार तरी दर वेळी उलटतात. वेळ मिळेल."

पण त्या दिवशी बिनपंखींनी कधी नव्हे ती अख्खी शर्यत एकही झेंडा न पडता संपवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. केंड्राने तसा संताप कित्येक वर्षांत अनुभवला नव्हता.

गॅरेटने पोत्यावरून टोपणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "नाही उघडत. किती गेलंय सांगता येत नाही. अर्धं असेल, जास्त असेल."

"पळती राहिली तर टिकेल."

"पळती राहिली तर."

"तीनशे पाच, गाड्या रांगेत घ्या," भोंग्यावरून हाक आली.

चौदा गाड्या होत्या. केंड्रा पाचवी सुटली, ट्रेंट दुसरा. पहिल्या काही फेऱ्या तिने काट्याकडे बघितलंही नाही. गाडी वेगात होती, वारा होता, आणि चौथ्या वळणाखालची ती ओली पट्टी बाकी कोणाला माहीत नव्हती. सगळे वर, भिंतीकडे, पकड शोधत होते. ती खालून आली आणि चौथी झाली. पुन्हा खालून, तिसरी. ट्रेंट सगळ्यांच्या पुढे होता, आणि तिला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिसरी म्हणजे पुरेसं. सहावीही पुरेसं. वीसपैकी तेरा फेऱ्या झाल्या होत्या आणि काटा दोनशे दहावर थांबला होता.

मग दुसऱ्या वळणावर एक गाडी गरगरली आणि ट्रॅकच्या मधोमध उलट तोंडाने थांबली.

"पिवळा, पिवळा. दुसरं वळण. खालून जा."

वेग गेला, वारा गेला. काटा उठला. दोनशे वीस. ती त्या थांबलेल्या गाडीजवळून गेली. चालक आत बसून हात हलवत होता. तो ठीक होता. तेल सांडलेलं नव्हतं. साधा पिवळा.

पिवळ्यात इंजिन बंद केलं तर ढकलगाडी लागते, आणि ढकलगाडी लागली की सगळ्यांच्या मागे. लाल झेंडा पडला तर मात्र सगळेच थांबतात, सगळेच इंजिन बंद करतात, आणि पुन्हा सुरू करताना प्रत्येक जण आपल्या जागेवर. कुठला झेंडा, हे एकटा रॉली ठरवतो. ट्रॅकवर धूळ फार आहे, पाणी मारायचं आहे, एवढ्या कारणावरही लाल दाखवता येतो. तसा त्याने पूर्वी दाखवलाही होता.

तिच्या गाडीतून निघणारी वाफ मनोऱ्यावरून दिसत असणार.

दोनशे पस्तीस. तिने अंगठा इंजिनाच्या बटणावर ठेवला. आत्ता बंद केलं तर इंजिन वाचेल, जागा जाईल. मागून सात फेऱ्यांत सहावं यायचं. जमेल, कदाचित. नाही बंद केलं तर—

कानात खट् असा आवाज झाला. माईक उघडला होता.

त्यामागची घरघर तिला ऐकू येत होती, मनोऱ्यावरचा छोटा टेबलपंखा. रॉलीचा श्वास ऐकू येत होता. तो काही बोलला नाही.

तिने अंगठा उचलला. पिवळा आधीच दिलेला होता. आता उघडलेला माईक दुसऱ्या कशासाठी असेल? लाल. म्हणतील आता. तिने पुढच्या गाडीच्या पंखावर नजर ठेवली आणि वाट बघितली. अर्धी फेरी गेली. माईक तसाच उघडा. दोनशे पन्नास.

"पिवळाच आहे," रॉली म्हणाला. "एकामागे एक ओळ लावा."

खट्.

आणि काटा खाली येऊ लागला. दोनशे चाळीस, दोनशे वीस. अनाडी माणसाला हायसं वाटलं असतं. केंड्रा बसगाड्यांच्या रेडिएटरमध्ये हात घालून जगत होती. काटा पडतो तेव्हा पाणी थंड झालेलं नसतं. मोजायला पाणीच उरलेलं नसतं.

तिने बटण दाबलं. अचानक शांत झालं. गाडी घरंगळत आतल्या गवताजवळ थांबली आणि ओळीतल्या बाकीच्या बारा गाड्या एकामागोमाग तिच्या बाजूने निघून गेल्या. ट्रेंटने जाताना मान वळवली.

ढकलगाडी मागे येऊन टेकली. केंड्राने पिंजऱ्यातून हात बाहेर काढून पंजा दाखवला: थांब. गाड्या ओळ लावत होत्या. थांब. ती उलटी गाडी सरळ झाली, ढकलली गेली, शेपटाला लागली. अजून थांब. मनोऱ्याखालच्या माणसाने हिरवा झेंडा काठीवरून सोडवला. तेव्हा तिने पंजा खाली केला.

इंजिन पेटलं, पण पूर्वीसारखं नाही. एका कोपऱ्यातून तुटक आवाज येत होता, खोकल्यासारखा.

हिरवा.

चौदावी. पहिल्याच वळणावर तिने दोघांना खालून मागे टाकलं. चौथ्या वळणाची ओली पट्टी आता टीचभर उरली होती. तिने उजवं चाक वर सोडलं आणि डावं तिच्यावर ठेवलं. अकरावी. काट्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. दहावी. सरळ पट्ट्यांवर बाकीचे तिच्यापासून सुटत होते, कारण एक सिलिंडर तिला साथ देत नव्हता. वळणांवर ती त्यांना परत गाठत होती. नववी. आठवी. मेहुण्याच्या इंजिनवाला तिच्यापुढे आला, आणि त्याने रस्ता अडवला नाही, पण दिलाही नाही. तिने त्याला तिसऱ्या वळणावर बाहेरून काढलं. सातवी.

पांढरा झेंडा. शेवटची फेरी. सहाव्या गाडीचा पंख तिच्या नाकापासून एका गाडीच्या अंतरावर. पाठीमागच्या सरळ पट्टीवर ते दीड झालं. तिसऱ्या वळणात एक. चौथ्यात तिने गवताची कड ओढून घेतली, इतकी की डाव्या चाकाने हिरवळ उडवली. रुतलं. ती शेजारी आली. झेंडा समोर होता, तिचं पुढचं चाक त्या गाडीच्या मागच्या चाकाशी, मग पुढच्या चाकाशी, आणि इंजिन एकदा अडखळलं. एकदाच.

"ट्रेंट बोहाटी," कानातला आवाज सांगू लागला. दोन, तीन, चार, पाच. सहाव्या नंबरला तिचं नाव नव्हतं.

सातव्याला होतं.

गुणतक्त्यात ट्रेंट एका गुणाने पुढे गेला. कप घेताना त्याने आपलं बाळ उचललेलं होतं, आणि बाळ भोंग्याला घाबरून रडत होतं. नंतर तो केंड्राच्या ट्रेलरपाशी आला, टोपी हातात.

"मला असा नको होता," तो म्हणाला.

"मग दे परत."

त्याने खरोखर क्षणभर कपाकडे बघितलं. केंड्राला हसू आलं. "जा. बायको वाट बघतेय. जिंकलास तू. पहिला आलास, मी काय तुला ढकललं का?"

तो गेल्यावर रॉली मनोऱ्यावरून उतरून आला. वय आणि जिना दोन्ही त्याच्या गुडघ्यांत दिसत होते. तो गाडीपासून जरा दूर थांबला.

"तो पिवळाच होता," तो म्हणाला.

"हो. पिवळाच होता."

"चालक ठीक होता, तेल नव्हतं."

"मी बाजूनेच गेले, रॉली. बघितलं मी."

त्याला बहुधा भांडण अपेक्षित होतं. गॅरेट पलीकडे टायर काढत होता. त्याने हात थांबवले.

"मग माईक का उघडलात?" केंड्राने विचारलं.

रॉली मनोऱ्याकडे बघू लागला.

"पिवळा द्यायचा तर द्यायचा. मी तेव्हाच बंद केली असती. माझा अंगठा बटणावर होता. तुम्ही माईक उघडलात आणि गप्प बसलात. अर्धी फेरी मी तुमचा श्वास ऐकत इंजिन भाजलं."

"मी लाल म्हणायला उघडला होता," रॉली म्हणाला.

"तेच वाटलं मला."

"तू दुपारी जे केलंस त्यासाठी. मग नाही म्हणवलं. कारण शोधत होतो, सापडलं नाही." त्याने टोपी काढून आतली कड पुसली. "चाळीस वर्षांत माईक उघडून मी कधी गप्प बसलो नव्हतो."

"आज बसलात."

"आज बसलो."

तिने त्याला माफ केलं असं म्हणता येणार नाही. त्यानेही माफी मागितली नव्हती. मग तो म्हणाला, "तीनशे साठ पुढच्या वर्षी आहे. दहा झाल्या," आणि मनोऱ्याकडे निघून गेला.

ड्वेन मघापासून आपल्या ट्रेलरला टेकून उभा होता. आता तो आला, खाली बसला, आणि कोणाला न विचारता रेडिएटरच्या टोपणावर हात ठेवला. निवलं होतं. त्याने ते फिरवून काढलं आणि आत बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं. त्याने मनगटापर्यंत हात घातला.

"काही आहे?" गॅरेटने विचारलं.

"तळाला. कॉफीच्या कपाएवढं." त्याने हात पँटला पुसला. "इंजिनाचं डोकं उघडावं लागेल. मधलं गॅस्केट गेलंय, बहुतेक तेवढंच. उद्या दूध काढून झालं की गाडी माझ्या शेडमध्ये आण."

"तुझं पुढचं चाक?"

"ते एप्रिलपर्यंत थांबेल."

केंड्रा पायरीवर बसली. दुपारचा चिलीचा वाडगा तिथेच होता, वर धुळीचा थर. तिने तो उचलला, आत बघितलं आणि गवतात ओतला.

"एप्रिलमध्ये पुन्हा बैठक असेल," ड्वेन म्हणाला. "रॉली पुन्हा काहीतरी मांडणार."

"मांडू दे."

"हात वर करणार आहेस?"

"आधी तुझ्याकडे बघेन," ती म्हणाली.

ड्वेनने मान हलवली, टोपण परत बसवलं, आणि गरज नसताना आणखी एकदा आवळलं.